काळ्या जमिनीवर गादीवाफे: कडेला वीट की फरशी?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

सप्रेम नमस्कार. आमच्या घरामागे वीस फूट लांब व बारा फूट रुंद मोकळी जागा आहे. जमीन काळी व चिकण असल्याने पावसाळ्यात पाणी साचून वांगी-मिरचीची रोपे मुळाशी कुजतात, तर उन्हाळ्यात त्याच जमिनीला मोठ्या भेगा पडतात. म्हणून फूटभर उंच वाफे बांधून भाजीपाला घेण्याचा विचार आहे. गवंड्याने सिमेंटमधील वीटबांधकाम व तळाला कोबा सुचवला आहे. तो योग्य ठरेल का, आणि वाफ्याचे माप काय असावे?

उत्तर (मिरज)

तळाला कोबा अजिबात करू नये. तळ उघडा असला तरच जास्तीचे पाणी खाली मुरते, गांडुळे वर येतात आणि टोमॅटोसारख्या पिकाची मुळे मूळ जमिनीत उतरतात. कोबा केल्यावर उरतो तो केवळ मातीने भरलेला हौद. पक्क्या भिंतीचाही आग्रह धरू नये, कारण काळी माती ओली झाली की फुगते व वाळली की आकसते, आणि उथळ पायावरची ताठ भिंत त्या हालचालीत तडकते. त्याऐवजी शहाबादी फरशीचे तुकडे उभे करून त्यांचा तिसरा हिस्सा जमिनीत गाडावा. ते कललेच तर पुन्हा सरळ करता येतात. लाकडी फळ्या दिसायला छान, पण वाळवीला तेवढेच निमित्त पुरते.

रुंदी चार फुटांपेक्षा अधिक नसावी, म्हणजे वाफ्यात पाय न ठेवता दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो. कुंपणालगतचा वाफा दोन फुटांचाच ठेवावा, आणि घराच्या भिंतीला माती टेकवू नये, अन्यथा ओल आत शिरते. आठ बाय चार फुटांच्या, फूटभर उंच वाफ्याला 32 घनफूट माती लागते, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). पहिल्या पावसात ती खाली बसते, म्हणून थोडी अधिक मागवावी.

उत्तर (वाळवा तालुका)

कडेला काही बांधण्याची गरजच काय, असे मला वाटते. आम्ही हळदीला गादीवाफे करतो, त्यांना कोठे भिंत असते? माथा तीन-साडेतीन फूट रुंद, उंची आठ-दहा इंच, बाजू उतरत्या आणि वर उसाच्या पाचटाचे आच्छादन. पावसाने ढासळलेली कड खोऱ्याने वर ओढली की झाले. वाफ्यांमधील चरांतून वाहणारे पाणी शेवटी कोठे जाणार, हे मात्र आधी ठरवावे. तेच अडले तर फरशीही उपयोगाची नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. परसात मुले खेळतात, त्यामुळे कड हवीच. फरशी लावण्याचे ठरवत आहे. साखर कारखान्याची मळी (उसाचा रस गाळून उरणारा गाळ) मिळू शकते, ती वाफ्यात घालावी का? शिवाय बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरट थर येतो, त्यावर उपाय काय?

उत्तर (सातारा)

मळी उत्तम, परंतु ताजी घालू नये. कुजताना ती तापते व मुळांना इजा करते. ढीग लावून, ओलावा राखून व अधूनमधून खालीवर करून ती भुसभुशीत होईपर्यंत कुजू द्यावी, आणि मग दोन भाग मातीला एक भाग मिसळावी. चिकण माती मोकळी करण्यासाठी थोडीशी वाळू घालण्याची पद्धत आहे, पण त्याने माती अधिकच घट्ट होते. तिला मोकळे करते ते सेंद्रिय खतच. आमच्या पश्चिम भागातील तांबडी माती निचऱ्याची असते हे खरे, तरी ती अन्नद्रव्यांत गरीब असल्याने सांगलीपर्यंत नेण्याचा खर्च मला पटत नाही.

तो पांढरट थर बहुधा क्षारांचा असावा. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींत हे नेहमी दिसते. रोज वरवर शिंपडल्याने क्षार पृष्ठभागावरच साठतात. त्यापेक्षा अंतराने, पण खोल मुरेल इतके पाणी द्यावे आणि गच्चीवरील पावसाचे पाणी साठवून वापरता आले तर पाहावे. माती परीक्षण करून सामू (आम्ल-विम्लता) व विद्युतवाहकता (क्षारांचे प्रमाण दाखवणारे माप) समजल्याशिवाय जिप्सम टाकू नये, कारण ते मुख्यतः सोडियम वाढलेल्या चोपण जमिनीसाठी असते.

माती भरण्यापूर्वी लव्हाळा या तणाच्या जमिनीतील गाठी खणून काढाव्यात. तळाशी अंथरलेल्या पुठ्ठ्याने हरळी काही काळ दबते, लव्हाळा मात्र पुठ्ठा भेदून वर येतो.