जुना स्टॉक आणि चंदगडचं गिऱ्हाईक

दादा, 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर उतरले म्हणजे कटकट मिटली, असं तुम्ही म्हणताय; पण ते अर्धंच खरं. पाकीटबंद फरसाण 12 वरून 5 टक्क्यांवर आलं, त्याच्या जुन्या मालाचं क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वळता करायची सोय) शाबूत राहतं. वह्या-पेन्सिली मात्र थेट करमुक्त झाल्या, म्हणून त्यांच्या शिल्लक मालावरचं क्रेडिट परत करावं लागतं. बेळगावच्या शहापूर, खडेबाजारातल्या स्टेशनरीवाल्यांनो, आधी हे तपासा, नाहीतर नोटीस आल्यावर धावपळ होते. आणि कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायची जीएसटी योजना) असाल तर महाराष्ट्रातल्या चंदगडच्या दुकानदाराला टेम्पोनं माल धाडू नका! गाव आपल्याच बोलीचं, पण राज्य दुसरं. कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकायची मुभाच नाही. आपल्या सीमाभागाला हा नियम फार जाचतो. रेग्युलरमध्ये, म्हणजे नेहमीच्या जीएसटी पद्धतीत, असाल तर बिलावर आयजीएसटी (एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी) लावा.