सोया दूध आल्याच्या चहात फाटतंय, मदत हवी आहे

घोडबंदर रोड, ठाणे. 100 ग्रॅम सोयाबीन 8 तास भिजवून, सालं चोळून काढून, उकळत्या पाण्यातच वाटते. गार पाण्यात वाटलं की तो कच्चट वास जाता जात नाही. एकूण पाणी 1 लिटर. मलमलमधून गाळून मंद आचेवर 20 मिनिटं, सतत ढवळत (बुडाला फार लवकर लागतं).

नुसतं प्यायला छान. पण आल्याच्या चहात पडलं की बारीक कण्या! टँकरचं पाणी असलं की जास्तच. जड पाण्यातल्या कॅल्शियमने प्रथिनं साकळतात, म्हणून त्यावर संशय. चहा गाळून, जरा निवल्यावर गरम दूध घातलं तर थोडा फरक पडतो.

लिटरला चिमूटभर खायचा सोडा कोणी घालतं का? उकळण्याआधी की नंतर? चव साबणासारखी होते का? चोथ्याची थालीपीठं होतात, ती काळजी नाही.