झुनींच्या मुखवट्यांची १९०४ ची रंगीत चित्रं शेअर करावीत का?

माळरान:
अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या झुनी या मूळनिवासी लोकांवर मटिल्डा कॉक्स स्टीव्हनसन बाईंचा सहाशेच्या वर पानांचा ग्रंथ अमेरिकन सरकारने १९०४ मध्ये छापला, त्यातली मुखवट्यांची आणि पूजास्थानांची रंगीत चित्रं स्कॅन होऊन सगळीकडे फिरतायत. देखणी आहेत, वाद नाही. पण माझं मत स्पष्ट आहे, ती पुढे पाठवू नयेत. झुनींमध्ये धार्मिक ज्ञान वाटलेलं असतं, किवाच्या, म्हणजे विधींच्या खोलीच्या, गटांकडे वेगळं, औषधी मंडळांकडे वेगळं, पावसासाठी व्रत करणाऱ्या पुजाऱ्यांकडे वेगळं, आणि दीक्षा नसेल तर तुम्ही झुनी असलात तरी ते तुमचं नाही. मुखवटे घालून नाचायला येणारे कोको लहान मुलांसाठी साक्षात दैवतं असतात, मुखवट्याआड कोण हे दीक्षेच्या वेळी कळतं, आणि या पुस्तकात तोच मुखवटा माणसाशिवाय नुसता छापलाय!

तळटीप:
अजिबात पटलं नाही. शंभर वर्षांपूर्वीचं सरकारी प्रकाशन आहे, कॉपीराइट नाही, आता लपवून काय साधणार? वी'वा नावाची झुनी ल्हामाना, म्हणजे पुरुषदेह असून बायकांचं आयुष्य जगणारी मोठी विणकर, १८८५-८६ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनला राहून आली, तिच्याबद्दल आज आपल्याला जे माहितीये त्यातलं बरंच या स्टीव्हनसन बाईंमुळेच. लिहिलं नसतं तर गेलं असतं सगळं.

माळरान:
वी'वाचा मागावर विणतानाचा फोटो बिनधास्त लावा ना, ती स्वतः समोर बसलीये. मी मुखवट्यांबद्दल बोलतोय. १८७९ मध्ये फ्रँक कुशिंग हा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ झुनींच्या गावात नाचाची स्केचेस काढायला लागला तेव्हाच लोकांनी अडवलं होतं आणि याने सुरा उपसून दाखवला, हे त्यानेच लिहिलंय. नकार तेव्हाच दिलेला होता, आपण तो वाचूनही न वाचल्यासारखं करतोय.

उत्तरा:
आणि "गेलं असतं" हे म्हणणंच तपासायला हवं. अहायू:दा म्हणजे झुनींच्या जुळ्या युद्धदेवांच्या लाकडी मूर्ती, त्या उघड्यावरच्या देवस्थानात ठेवतात आणि ऊन-पावसात झिजून मातीत जाणं हेच त्यांचं काम. म्युझियमवाल्यांनी त्या उचलून काचेत जपल्या, झुनींनी १९७८ पासून मागे लागून साठाहून जास्त परत आणल्या, आणल्या त्या परत झिजायलाच ठेवल्या. जपणं म्हणजे काय हे ज्याचं आहे त्याला ठरवू दे की.

तळटीप:
मूर्ती ही वस्तू आहे, चोरली तर परत द्यावी, पूर्ण मान्य. चित्र म्हणजे नुसती प्रतिमा हो, त्याने कोणाकडचं काय कमी झालं? मी तरी अभ्यासासाठी वापरणार.

उत्तरा:
तुमच्यासाठी प्रतिमा. कोलोरॅडोतल्या ला हुंटाच्या बॉय स्काउट मुलांनी १९५० च्या दशकात शालाकोचे, म्हणजे झुनींच्या उंच मुखवटाधारी दैवतांचे, हुबेहूब मुखवटे बनवले, भक्तीनेच बनवले होते, तर झुनी मंडळी तिथे गेली, हे खरेच आहेत म्हणाली आणि आपल्या गावी घेऊन गेली. त्यांच्या लेखी बनवायचं ज्ञान बाहेर गेलं म्हणजे वस्तूच बाहेर गेली.

तळटीप:
मग काय दाखवायचं नाही याची यादी कोण करणार? तुम्ही दोघं? उद्या कोणीही उठून कुठलंही जुनं पुस्तक बंद करा म्हणेल.

माळरान:
यादी झुनींनीच केलीये. आशिवी आवान हे त्यांचं स्वतःचं म्युझियम १९९२ पासून आहे, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेकडून जुन्या फोटोंच्या प्रती आल्या तेव्हा त्यांनी विधींचे फोटो बाजूला काढले आणि घरं, शेतं, माणसं सगळ्यांना बघायला ठेवली.