एकरकमी फी घेतली तरी टाइमशीट भरायची का?

मसुदेकार: वकिलांची छोटी फर्म आहे. करारांची कामं तासाच्या दरावरून एकरकमी फीवर नेतोय. बिलात तास दिसणारच नाहीत, तरी ज्युनिअरांना टाइमशीट (कुठल्या कामाला किती वेळ गेला याची नोंद) भरायला लावायची का? ते आधीच वैतागलेत.

कलम_१४: लावा. नाहीतर पुढची फी कशावरून ठरवणार? समजा, ४० तास धरून फी सांगितली आणि लागले ६०. तासामागची कमाई एक तृतीयांशाने उतरली. फी पूर्ण जमा झालेली असते, त्यामुळे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

नोंद ६ मिनिटांच्या एककात आणि काम हातावेगळं झालं की लगेच करायची. आठवड्याची एकदम भरली की फोन आणि ईमेल हमखास गळतात. 'करार तपासला, ५ तास' ही नोंद कुचकामी. वाचन, पहिला मसुदा, पक्षकाराशी चर्चा, समोरच्या वकिलाच्या दुरुस्त्या असे टप्पे पाडा. तास बहुधा शेवटच्या टप्प्यात फुगतात, कारण तिथला वेग आपल्या हातात नसतो.

तळटीप: म्हणूनच फीच्या पत्रात दुरुस्त्यांच्या फेऱ्या मोजून लिहा: 'या फीत २ फेऱ्या, पुढच्या प्रत्येक फेरीला अमुक रक्कम.' 'वाजवी दुरुस्त्या' असं मोघम लिहिलंत की संपलं. आणि तिसरी फेरी सुरू व्हायच्या आधी ईमेलने मंजुरी घ्या. काम झाल्यावर मागितलेले जादा पैसे म्हणजे वादाला आमंत्रण.

जुनी_फाइल: खरी गोम वेगळीच आहे. आपण संथ दिसू या भीतीने ज्युनिअर ९ तासांचे ६ लिहितात. मग पुढचा अंदाजही ६ चाच निघतो आणि पुन्हा कुणीतरी रात्री बसतं. नियम एकच ठेवा: ज्युनिअरने सगळे तास लिहायचे, कापायचे ते फक्त पार्टनरने, आणि कारण नोंदवून: शिकण्यात गेलेला वेळ, चुकलेला अंदाज किंवा वाढलेलं काम. वार्षिक मूल्यमापनात हे कापलेले तास ज्युनिअरच्या नावावर मांडलेत, तर महिन्याभरात लपवाछपवी परत सुरू.

मसुदेकार: पटलं. पण तास हाताबाहेर चाललेत हे वेळेत कसं कळावं?

कलम_१४: अंदाजाचे निम्मे तास संपले की फाइल थांबवून बघायची. ४० पैकी २० गेले आणि पहिला मसुदा अजून पक्षकाराकडे गेला नसेल, तर त्याच दिवशी पक्षकाराशी बोला. हे बघण्याचं काम ती फाइल चालवणाऱ्या पार्टनरकडे देऊ नका. त्याला 'होईल आटोक्यात' असंच वाटत असतं.