रजा संपतेय: काढलेलं दूध, नाचणी सत्व आणि घरातली वाटणी

वारजेकरीण

पुढच्या महिन्यात प्रसूती रजा संपतेय. मुलगी तेव्हा सहा महिने पूर्ण करेल. आत्तापर्यंत फक्त अंगावरचं दूध. घर वारज्यात, ऑफिस हिंजवडी फेज दोनला. सकाळी आठला निघणं आणि घरी यायला सात. दिवसभर बाळाजवळ सासूबाई असतील, त्यांचे गुडघे दुखतात. बाटलीला त्यांचा ठाम विरोध आहे. फ्रिज एकाच दाराचा, जुना.

दूध किती साठवायचं, कसं न्यायचं-आणायचं, बाटली नाही तर काय, सत्व विकतचं की घरचं, आणि नवऱ्याने नेमकं काय अंगावर घ्यावं? त्याची तयारी आहे, पण "तू सांग, मी करतो" इथेच गाडी अडते. "सगळं होतं गं हळूहळू" हे बरंच ऐकून झालंय, तेव्हा कृपया आकडे आणि पद्धत सांगा.

चिमूटभर_हिंग

आधी हिशेब करू. या वयाचं बाळ तासाला साधारण 30 ते 45 मिली दूध पितं. निघताना पाजलंत आणि आल्याआल्या पाजलंत, तर मधल्या अकरा तासांसाठी 330 ते 500 मिली लागेल. वरचं खाणं सुरू होतंय म्हणून हळूहळू खालच्या आकड्याकडे सरकेल. म्हणजे 90 ते 120 मिलीचे चार वेळचे भाग. फ्रीझर गच्च भरलेले फोटो बघून घाबरू नका. पहिल्या दिवसाचं दूध आणि वर एका दिवसाची शिल्लक एवढं पुरतं, कारण सोमवारी ऑफिसात काढलेलं दूध मंगळवारी घरी वापरलं जातं. हे चक्र चालू राहिलं की साठा लागतच नाही.

रुजू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर तासाभराने एकदा पंप लावा. पहाटे-सकाळी दूध जास्त असतं, संध्याकाळी कमी. सुरुवातीला 30-40 मिलीच निघालं तरी दूध आटलं असं समजू नका. बाळ आधीच पिऊन झालंय, निघतंय ते वरचं.

पंपात गडबड बहुतेक वेळा फनेलच्या (छातीवर लावायचा नरसाळ्यासारखा भाग) मापाची असते. पंपाबरोबर बहुधा 24 मिमीचं येतं, पण ते सगळ्यांना बसत नाही. पंप चालू असताना नळीत फक्त निपल पुढे-मागे व्हायला हवं. भोवतीचा काळा भाग बराचसा आत ओढला जात असेल तर फनेल मोठं. निपल कडांना घासून पांढरं पडत असेल तर लहान. आणि ओढ वाढवली की दूध जास्त येतं हा गैरसमज आहे. दुखलं की दूध उतरायचंच थांबतं. आधी दोन मिनिटं हलका जलद वेग, धार लागली की संथ आणि जोरकस, एकूण 15 ते 20 मिनिटं. शेवटी हाताने दाबून काढलंत तर आणखी थोडं निघतं. चांगला चालणारा पंप एकदम ढिला पडला तर मोटर बघण्याआधी रबरी व्हॉल्व्ह बघा. त्याला बारीक चीर गेली की ओढ जाते. पार्ट स्वस्त असतो, एक जास्तीचा पर्समध्ये ठेवा.

ऑफिसात साधारण दर तीन तासांनी, म्हणजे अकरा, दोन, पाच. एक वेळ सारखी चुकली तर दूध कमी होतं, आणि त्याआधी छातीत गाठ धरते. गाठीबरोबर लाली आणि ताप आला तर शेक-बिक करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. तोपर्यंत पाजणं थांबवायचं नाही.

साठवण: 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास. पुण्यात एप्रिल-मेमध्ये ओट्यावर 25 अंश विसरा, काढलं की सरळ फ्रिजमध्ये. फ्रिजच्या आतल्या बाजूला चार दिवस, दारात कधीच नाही. येताना गोठवलेल्या जेल पॅकबरोबर कूलर बॅगेत 24 तासांपर्यंत चालतं, म्हणजे चांदणी चौकात अडकलात तरी दुधाची काळजी नको. तुमच्या एका दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर मात्र भरवसा नको. तिथे तापमान वरखाली होतं, त्यामुळे दोन आठवड्यांच्या पुढे ठेवू नका. गोठवलेलं दूध आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवायचं. पूर्ण वितळलं की 24 तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही.

पेठेतली_आजी

सासूबाईंचा विरोध चुकीचा नाही हो. बाटलीचं बूच, चोखणी, आतली कड, सगळीकडे साय अडकते आणि नीट उकळली नाही की जुलाब. आपल्याकडे बोंडलं आहे की, चोच असलेली छोटी वाटी. तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानात स्टीलचं मिळतं. बिनकोपऱ्याचं, गुळगुळीत कडेचं बघून घे.

पाजायची पद्धत मात्र सगळ्यांना नीट येत नाही. बाळाला आडवं करून घशात ओतायचं नाही, ठसका लागतो. मांडीवर जवळजवळ ताठ बसवायचं, बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवायची आणि दूध ओठाला लागेल इतकंच वाकडं करायचं. बाळ जीभ काढून स्वतः ओढतं. दोन घोट झाले की थांब. पहिले चार-पाच दिवस निम्मं दुपट्यावर जाणार, ते धरूनच चाल. सराव भुकेने रडत असताना नाही, झोपेतून उठून प्रसन्न असताना, आणि आई त्या खोलीत नको. आईचा वास आला की कशाला पिईल ते बोंडल्याने?

दूध कोमट करायला गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवायची. गॅसवर थेट नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच, मध्येच कढत राहतं आणि तोंड भाजतं. फ्रिजमधून काढल्यावर वर सायीचा थर दिसतो. नासलं नाही ते, हलकेच गोल फिरवलं की मिसळतं. उष्टं राहिलेलं दोन तासांच्या आत संपलं नाही तर टाकून द्यायचं. जिवावर येतं, पण टाकायचं. म्हणून आधी 60-90च ओतायचं, हवं तर पुन्हा.

सत्व घरचंच कर. अर्धा किलो नाचणी चार-पाच पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजव. सकाळी उपसून ओल्या पंचात घट्ट बांध. उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात, थंडीत दीड-दोन दिवस लागतात. मोड इवलासा पांढरा दिसला की पुरे, लांब होऊ दिलास तर कडवट लागतं. पंख्याखाली सावलीत खडखडीत वाळव, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाज, दळ आणि दोनदा वस्त्रगाळ कर. पावसाळ्यात मोडांना कुबट वास आला किंवा चिकटपणा आला तर मोह न धरता फेक, बुरशी असते ती. थोडं थोडं कर, स्टीलच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेव. ओली नाचणी वाटून, चीक काढून पांढरंशुभ्र सत्व करतात ते दिसायला छान, पण कोंड्याबरोबर नाचणीचं बरंच काही चोथ्यात जातं.

शिजवताना एक मोठा चमचा पीठ अर्धा कप गार पाण्यात आधी कालव, मग मंद आचेवर सहा-सात मिनिटं ढवळत राहा. गरम पाण्यात पीठ टाकलंस की गुठळ्या झाल्याच म्हणून समज. वरून अर्धा चमचा तूप. मोड आणल्यामुळे खीर पातळ राहते, म्हणून पीठ थोडं जास्त मावतं, तेच त्यातलं मर्म. चमचा तिरका केला तरी लगेच ओघळणार नाही इतकं दाट हवं. भाताची पातळ पेज देऊन पोट भरतं, अंगाला काही लागत नाही.

मीठ, साखर, गूळ वर्षभर नको. आणि मध वर्षाच्या आत बोटाला लावूनसुद्धा नको, गुटीतही नको. हे मी आजी असून सांगते. मधातल्या जंतूंच्या बीजांनी तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो.

चिमूटभर_हिंग

आजींच्या सत्वाला एक पुरवणी. सहा महिन्यांनंतर बाळाला लोह बाहेरून लागतं आणि नुसत्या नाचणीतून ते पुरेसं मिळत नाही. मऊ वरण-भात, घोटलेली पालेभाजी, वर लिंबाचे दोन थेंब, खात असाल तर अंडं. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा 1 मिली लोहाचं सिरप आहे, त्याबद्दल तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. खाणं सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा, सुरुवातीला दोन-तीन चमचेच. सासूबाईंकडे त्यातलं अकराचं आणि चारचं द्या, संध्याकाळचं तुम्ही भरवा. तोंड वाकडं करून नाचणीचा फुर्रर फवारा उडवण्याचा कार्यक्रम रोज चुकवायचा म्हणजे काय!

बाबा_ऑन_ड्यूटी

नवऱ्याच्या भागाबद्दल. "तू सांग, मी करतो" यात आठवण ठेवणं, संपलंय का बघणं आणि वेळेवर मागे लागणं हे तिन्ही तुमच्याकडेच राहतं. म्हणून कामं तुकड्यांत देऊ नका, अख्खं खातं द्या आणि मग त्यात नाक खुपसू नका. डायपर उजव्या पकडीने घट्ट लावला की ढिला, हे त्याचं तो ठरवेल. गळला तर कपडे तोच बदलेल.

पहिलं खातं पंप आणि बोंडली. रोज रात्री सगळे भाग सुटे करून वेगळ्या पातेल्यात (सिंकमध्ये नाही, तिथे खरकट्याचे जंतू असतात) साबणाच्या पाण्यात धुणं, पाच मिनिटं उकळणं, स्वच्छ पंचावर उपडे ठेवणं. फडक्याने पुसायचे नाहीत. मोटरला जोडलेली हवेची नळी धुवायची नाही, आत पाणी राहिलं की बुरशी धरते. मग जेल पॅक फ्रीझरमध्ये, सकाळी बॅग भरलेली दारात. यात पाऊण तास जातो आणि बायकोला त्यातलं काहीही आठवावं लागत नाही.

दुसरं खातं लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांची वेळ, औषधं आणि डायपरचा साठा. वापरलेले डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्यायचे, म्हणजे कचरा वेचणाऱ्या ताईंना हातात घेण्याआधी कळतं. गुरुवारी पाणी बंद असल्याची बातमी आली की बुधवारी रात्री पिंप भरणंही याच खात्यात.

तिसरं खातं त्याची स्वतःची आई. मध नको, पाणी जास्त नको, पेज नको, हे सुनेने सांगितलं की ते मत ठरतं आणि त्याच्यावर चर्चा होते. मुलाने सांगावं. त्याहून बरं म्हणजे पुढच्या तपासणीला सासूबाईंनाच बरोबर न्या, डॉक्टर त्यांच्याशी बोलतील. फ्रिजवर सूचनांचा कागद चिकटवू नका, त्याने घरात काय होतं ते सांगायला नको. मात्र दुधाच्या डब्यांवर तारीख आणि वेळ मोठ्या अक्षरांत हवी, चष्म्याशिवाय वाचता येईल अशी. जुनं पुढे, नवं मागे.

गुडघ्यांचं मनावर घ्या. सहा महिन्यांचं बाळ सात किलोच्या आसपास असतं आणि ते दिवसातून वीस वेळा उचलायचं. जमिनीवरची गादी त्यांच्यासाठी वाईट, दिवाणाच्या उंचीवर बदलायची सोय करा. अंघोळ तुम्ही दोघांपैकी कोणीतरी निघायच्या आधी उरका. दुपारी बारा ते चार एखाद्या मावशी ठेवा, बाळासाठी नाही तर धुणं-भांडी-केरासाठी. आणि रविवार त्यांचा सुट्टीचा, खरोखरीचा. त्या दिवशी तीन तास बाळ आणि बाबा, आई घराबाहेर. फोन करून "खाल्लं का तिने?" विचारायचं नाही.

वारजेकरीण

खूप उपयोग झाला. दोन शंका. गोठवलेलं दूध वितळवल्यावर साबणासारखा वास येतोय, खराब झालं का? आणि ऑफिसात पंपासाठी वेळ मागायला आधार काय?

चिमूटभर_हिंग

आंबूस आणि नासका असेल तर टाका. साबणासारखा असेल तर तो लायपेजचा, दुधातलंच एक एन्झाइम चरबी फोडतं. पिण्यात धोका नाही, बाळ पीत असेल तर तसंच द्या. तोंड फिरवत असेल तर थोडं ताज्यात मिसळून बघा. पुढच्या वेळी गोठवण्याआधी दूध कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंतच तापवा, उकळी नको, आणि पातेलं लगेच गार पाण्यात ठेवा. एकदा वास आल्यावर तापवून तो जात नाही. पण तुमचं चक्र रोजचं असेल तर गोठवायची वेळच क्वचित येईल, आणि फ्रिजमध्ये एक-दोन दिवसांत सहसा एवढा वास येत नाही.

कलम_अकरा

आधार आहे. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्याच्या कलम 11 मध्ये मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या विश्रांतीखेरीज, दिवसातून दोन स्तनपान विश्रांती दिल्या होत्या. 2017 च्या दुरुस्तीने रजा 12 वरून 26 आठवडे झाली आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, दिवसातून चार वेळा तिथे जायच्या मुभेसह. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्येही या तरतुदी घेतल्या आहेत.

तोंडी मागू नका. रुजू व्हायच्या दोन आठवडे आधी एचआरला मेल टाका, मॅनेजर सीसीमध्ये. "दूध काढण्यासाठी 11, 2 आणि 5 वाजता प्रत्येकी 25 मिनिटं, आतून कडी असलेली खोली, जवळ प्लग आणि बेसिन" इतकं नेमकं लिहा. तीनपैकी दोन वेळा स्तनपान विश्रांतीत बसवता येतात, दोनची वेळ जेवणाच्या सुट्टीला जोडा. मग या तिन्ही वेळा कॅलेंडरवर "बिझी" म्हणून रोजच्या रोज रिपीट लावा, नाहीतर अकराच्या जागी कोणीतरी स्टँडअप मीटिंग टाकणारच. खोलीत कॅमेरा नाही ना, हे पहिल्याच दिवशी बघून घ्या. आणि पंप चार्जिंगवर चालणारा असेल तरी चार्जर ड्रॉवरमध्ये ठेवाच.