मदरबोर्ड गेला (आय५ ६४००), बजेट ६०००. कुठला घेऊ?

साखळीकर_डीटीपी:
गोव्यातल्या साखळीत माझं डीटीपीचं छोटं काम आहे. चवथ तीन आठवड्यांवर आली, आरतीच्या पुस्तिका आणि नाटकांच्या हस्तपत्रिका अंगावर आहेत. परवा रात्री वीज दोनदा गेली-आली, तेव्हापासून पीसी उठत नाही. बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घेतो आणि थांबतो. बीप नाही, डिस्प्ले नाही. आय५ ६४०० प्रोसेसर (सहाव्या पिढीचा), एच११० चिपसेटचा बोर्ड, डीडीआर४ च्या चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या, विंडोज ७. दुकानात सांगितलं बोर्ड गेला. बजेट ६०००, त्यावर एक पैसा नाही. प्रोसेसर आणि रॅम हीच ठेवायची आहे.

म्हापसा_गेमर:
सहाव्या पिढीवर आता रुपया घालू नकोस. रायझन ५ ५६००जी, बी५५० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई डिस्क. मी हेच घेतलं, पंचवीस हजारांच्या आसपास पडलं. ग्राफिक्स कार्ड वेगळं लागत नाही. दोन वर्षांत एकदा हँग झाला नाही.

मडगाव७:
पंचवीस कुठून आणणार तो? एच३१० घे. सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) ११५१ च आहे, नवा मिळतो, वॉरंटीपण.

फोंड्याची_लेक:
दादा, एच३१० घेऊ नका! सॉकेट तोच, प्रोसेसर बसतोसुद्धा, पण ३०० मालिकेचे चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) आठव्या-नवव्या पिढीसाठी आहेत. मी हाच घोळ केला, फोंडा-म्हापसा दोन खेपा झाल्या आणि दुकानदार परत घेईना. तुम्हाला एच११०, बी१५०, बी२५० यांतलाच हवा, म्हणजे जुना. आणि डीडीआर४ वालाच बघा, एच११० मध्ये डीडीआर३ वालेही आले होते, त्यांत तुमच्या पट्ट्या बसणार नाहीत, खाच वेगळ्या जागी असते.
घेताना सॉकेटवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. त्या बारीक पिना शेतातल्या तरव्यासारख्या एका ओळीत चमकतात. जिथे चमक तुटते तिथे पिन वाकलेली. तसा बोर्ड फुकट दिला तरी नको.

पेडण्याहून:
आधी सेल बदला. बोर्डावरचा गोल, सीआर२०३२. माझा पीसी असाच मेला होता, सेल बदलला आणि उठला.

फोंड्याची_लेक:
सेल ३ व्होल्टचा, तो घड्याळ आणि बायोसच्या (पीसी सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंग सांभाळतो. तो गेला तर तारीख मागे जाते. पंखा अर्ध्या फेऱ्यात थांबतो त्याचं कारण सहसा दुसरं असतं.

पेडण्याहून:
माझा उठला होता, मी सांगतो ते खरं आहे. आणि पावसात पीसी प्लास्टिकने झाकून ठेवत जा. आमच्याकडे समुद्राचं वारं, दोन वर्षांत पोर्ट हिरवे पडले.

म्हापसा_गेमर:
झाकून ठेवलास तर आत दमट हवा कोंडते. उलट रोज अर्धा तास चालू ठेवावा, उबेने सुकतो. मी पावसाळाभर असंच करतो.

कुळागर:
दमट हवेचं नंतर बोला. पंखा हलून थांबणं म्हणजे पॉवर सप्लाय स्वतःला वाचवतोय, कुठेतरी शॉर्ट आहे. आधी रॅम, हार्ड डिस्क, सगळं काढा. मग प्रोसेसरजवळची १२ व्होल्टची चार पिनांची वायर काढून बटण दाबा. आता पंखा फिरत राहिला तर दोष बहुतेक व्हीआरएममध्ये.
व्हीआरएम म्हणजे सॉकेटच्या कडेचे चौकोनी चोक, काळे छोटे मॉसफेट आणि उभे कपॅसिटर. १२ व्होल्ट उतरवून ते प्रोसेसरला साधारण १.२ व्होल्ट देतात. ६४०० चा आकडा ६५ वॉटचा, म्हणजे भार पडला की पन्नासेक अँपिअर त्या एवढ्याशा जागेतून जातात. वीज जात-येत राहिली की मार तिथेच बसतो. वरचा (१२ व्होल्टच्या बाजूचा) मॉसफेट शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट थेट प्रोसेसरमध्ये घुसू शकतात, म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबून बघू नका. कपॅसिटरचं डोकं फुगलंय का तेही बघा, ते सपाट असायला हवं.
सल्ला माझाही तोच, जुना एच११० घ्या. व्हीआरएम दुरुस्त केलेला बोर्ड किती टिकेल त्याचा भरवसा नसतो.

मडगाव७:
बरोबर, बोर्ड दुरुस्ती म्हणजे पैसे पाण्यात. मी एकदा केली, महिन्याने परत मेला.

म्हापसा_गेमर:
दुरुस्ती नकोच. जुना पण नको. ५६००जी बघ.

साखळीकर_डीटीपी:
सगळ्यांचे आभार. कुळागरबाबांनी सांगितलं तसं केलं, चार पिनांची वायर काढल्यावर पंखा फिरत राहिला. चोकच्या बाजूला एक मॉसफेट बघितला, त्याच्या कडेला तपकिरी डाग आणि नाकाजवळ नेला की करपलेला वास.
आता निर्णय. बोर्ड दुरुस्तीला दिला. तुम्ही सगळे नको म्हणालात, कारण सांगतो. माझं मराठी टंकलेखनाचं जुनं सॉफ्टवेअर कुलपावर (डोंगलवर, ते लावल्याशिवाय उघडत नाही) चालतं आणि ते कुलूप प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टात बसतं. या बोर्डाच्या मागे तो पोर्ट आहे. काल म्हापशात तीन जुने एच११० बघितले, एकालाही नव्हता. वेगळं कार्ड घालून पूर्वी बघितलंय, कुलूप ओळखलं गेलं नाही. बारा वर्षांच्या आरत्या, पत्रिका, भजनी मंडळांच्या वह्या त्याच फाइलींत आहेत. १४०० सांगितलेत, दोन मॉसफेट बदलणार. प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर लावून बघितला, जिवंत आहे.

फोंड्याची_लेक:
पोर्टाचं आधी सांगितलं असतंत तर! बोर्ड परत आला की जुन्या सप्लायवर लगेच चढवू नका. पिवळ्या वायरीवर मीटर लावा, ११.४ ते १२.६ व्होल्टच्या मध्ये हवं. आणि उरलेल्या पैशांतून यूपीएस घ्याच.

कुळागर:
फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या.