बागेतल्या फुकट वायफायला वेळेची मर्यादा असावी का?

बाकावरचा
शहरातल्या बागांमध्ये फुकट वायफाय मिळतं हे चांगलंच आहे, त्यावर वाद नाही. पण त्याला वेळेची मर्यादा पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, माणशी दिवसाला एक तास, बस. आता होतं काय की काही जण सकाळीच येऊन सावलीतले बाक धरतात, मोठमोठ्या फाइली डाउनलोडला लावतात नाहीतर मॅच बघत बसतात, आणि ज्याला खरंच दोन मिनिटांचं काम आहे, घरी निरोप द्यायचाय, त्याचं पान नुसतं गोल गोल फिरत राहतं. सार्वजनिक पैशातून चाललेली सोय आहे ही, थोडी थोडी सगळ्यांना मिळायला नको का? झोपाळ्यावर पण आपण पोरांना सांगतोच ना, झाले तुझे झोके, आता दुसऱ्याला दे.

उनाड_वारा
अजिबात पटलं नाही. एका तासात काय होतं हो? ज्याच्या घरी नेट आहे त्याला बागेतलं वायफाय असलं काय नि नसलं काय, पण ज्याच्याकडे नाहीच त्याने काय करायचं? भरतीचा अर्ज भरायचा तर फोटो अमुक साइजचा, सही तमुक साइजची, मधेच साइट लटकते, ओटीपी येतच नाही, परत पहिल्यापासून सुरू, यातच तास जातो. नोकरीचा इंटरव्ह्यू ऑनलाइन चालू असताना साठाव्या मिनिटाला नेट कापलं तर त्या पोरीने काय सांगायचं समोरच्याला? तुम्ही नियम करताना मॅच बघणारा डोळ्यासमोर ठेवलात, अर्ज भरणारी ठेवलीच नाही.

जुना_राउटर
माझं नेटवर्कचंच काम आहे त्यामुळे जरा लांबलचक लिहितो. एका वायफायवरचे सगळे फोन हवेतली एकच वाट वाटून घेतात, एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं. त्यात जो फोन लांब कोपऱ्यात झाडांच्या मागे आहे (पानांतलं पाणी सिग्नल खातं) तो हळूहळू बोलतो आणि तेवढा वेळ बाकीचे ताटकळतात. म्हणजे नेट स्लो झालं की मॅच बघणाऱ्यावर राग निघतो, पण बऱ्याचदा खरं कारण असतं की एवढ्या मोठ्या बागेला वायफायचा एकच खोका लावलाय. शिवाय २.४ गीगाहर्ट्झवर, म्हणजे वायफायच्या जुन्या, नेहमीच्या पट्ट्यावर, एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आजूबाजूच्या इमारतींचे राउटर पण तिथेच बसलेले असतात.

आता वेळेच्या मर्यादेबद्दल. ती फोनच्या मॅक अॅड्रेसवर मोजतात, म्हणजे वायफायला जोडताना फोन जो स्वतःचा ओळख-क्रमांक, पत्ता सांगतो त्यावर. पण अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयओएस १४ पासून (२०२०) फोन आपला खरा पत्ता न देता बनावट पत्ता देतात, आणि ज्याला माहिती आहे तो तो बदलून परत नवा तास घेऊ शकतो. म्हणजे मर्यादा पाळणार कोण, तर ज्याला यातलं काही कळत नाही तो. त्यापेक्षा प्रत्येक फोनला स्पीडची मर्यादा घाला. ते सगळ्यांना एका क्षणी सारखं लागू होतं, आणि पत्ता बदलून काही पदरात पडत नाही.

बाकावरचा
पत्ता बदलतात ना, मग मोबाइल नंबर आणि ओटीपी घ्या की. प्रश्न मिटला. आणि त्याने जबाबदारी पण येते. कोणी तिथे बसून कुणाला धमक्या दिल्या, फसवणुकीचे मेसेज पाठवले तर शोधायचं कसं? नाव नाही, गाव नाही, असं उघडं नेट ठेवणं मला बेजबाबदारपणा वाटतो.

कोपऱ्यातली
थांबा, इथेच तर माझी हरकत आहे. तुम्हाला फक्त वेळ मोजायची होती आणि त्यासाठी आता प्रत्येक माणसाचा नंबर, तो कधी आला, कुठल्या बाजूला किती वेळ बसला हे सगळं एका यादीत जाणार. ती यादी कोणाकडे राहणार, किती दिवस राहणार, जाहिरातवाल्यांना देणार का, हे लॉगिनच्या पानावर कुठे लिहिलेलं असतं? छोट्या अक्षरात चार पानं अटी असतात आणि खाली एकच बटण, मान्य. एचटीटीपीएस (पत्त्याआधीचं कुलूप, म्हणजे साइटशी चाललेलं बोलणं सांकेतिक करून पाठवणं) असलं तरी कुठल्या साइटवर गेलात ते नेटवर्कवाल्याला बहुतेक वेळा दिसतं. घरी त्रास होतो म्हणून बागेत येऊन मदत शोधणारी बाई असेल, आजाराबद्दल वाचणारा मुलगा असेल, त्यांनी काय करायचं? बागेत शिरताना आपण नंबर लिहून देत नाही ना.

बाकावरचा
मुद्दा आहे तुमचा, पण दुसरी बाजू पण बघा. २०१६ मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयासमोर जर्मनीतल्या एका दुकानदाराची केस होती, त्याच्या उघड्या वायफायवरून कोणीतरी गाणी वाटली होती. न्यायालय म्हणालं की नुकसानभरपाई दुकानदाराकडून घेता येणार नाही, पण त्याला पासवर्ड लावायला आणि तो देताना ओळख विचारायला सांगता येईल. म्हणजे ओळख मागणं ही काही माझ्याच डोक्यातली कल्पना नाही.

कोपऱ्यातली
त्याच जर्मनीने पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि उघडं वायफाय चालवणाऱ्यांना बरंच संरक्षण दिलं, तेही सांगा की.

जुना_राउटर
मधेच एक सुरक्षेचं बोलतो, कारण यावर कोणी बोलतच नाही. २०१० मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन आलं होतं, उघड्या वायफायवर शेजारी बसलेल्याचं लॉगिन एका क्लिकमध्ये पळवता यायचं. आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर असल्यामुळे ते तसं होत नाही, पण बागेच्याच नावाचं खोटं हॉटस्पॉट कोणीही उभं करू शकतं. त्यामुळे नेटवर्कचं नेमकं नाव बागेतल्या पक्क्या फलकावर लिहिलेलं पाहिजे. आपण काय करायचं तर घरी जाताना ते नेटवर्क फोनमधून फरगेट करायचं, सर्टिफिकेटची वॉर्निंग (ही साइट खरी आहे याची खात्री नाही अशी ब्राउझरची सूचना) आली तर पुढे जायचंच नाही, आणि लॉगिनच्या पानाने बँकेची किंवा ईमेलच्या पासवर्डची माहिती मागितली तर सरळ बंद करायचं. आणि चालवणाऱ्यांनी क्लायंट आयसोलेशन चालू ठेवायचं, म्हणजे एका फोनला दुसरा फोन दिसतच नाही.

पहाटफेरी
स्पीडबिड ठीक आहे हो, पण स्पीकर लावून रील्स बघणाऱ्यांचं काय? मी सकाळी चालायला जाते ते शांततेसाठी. हेडफोन सक्तीचा करा, तो नियम मला सगळ्यात आधी पाहिजे.

उनाड_वारा
पहाटफेरी, हे शंभर टक्के मान्य.

बाकावरचा
ठीक, तासाची मर्यादा मी सोडतो. राउटरदादांचं स्पीडवालं पटलं, ओळख नको हे अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण मग गर्दीच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी, व्हिडिओ तरी सरसकट बंद ठेवा. मजकूर आणि आवाज चालू, एवढं तर करता येईल ना?

उनाड_वारा
नाही, तेही नको. माझा भाऊ बहिरा आहे, तो खुणांच्या भाषेत बोलतो, त्याच्यासाठी व्हिडिओ कॉल हाच फोन. तुमच्या नियमाने संध्याकाळी बागेत सगळ्यांचे फोन लागतील, फक्त त्याचा लागणार नाही. प्रत्येकाला दीड-दोन एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) स्पीड द्या, तेवढ्यात त्याचं बोलणं नीट होतं. मोठी फाइल उतरवणारा बसेल वाट बघत.